दोन्हीकडचे वकील

अकोल्याच्या कोर्टात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे ते वकीलसाहेब कोट काढून बोलायला लागले, की समजायचं, पक्षकार खेड्यातला आहे. कोट खुर्चीला आणि तोंडात वऱ्हाडी. शहरातलं कोणी आलं की कोट अंगात आणि भाषा एकदम पुस्तकी. मला त्याची गंमतच वाटायची.

परवा बाळापूरकडची एक मुलगी तान्हं बाळ छातीशी धरून आली. दत्तक घेणारं अमरावतीचं जोडपं आधीच येऊन बसलं होतं. दोन्हीकडचे वकील हेच. दत्तकपत्रावर तिची सही आदल्या दिवशीच झाली होती.

"भाऊ, मले लेकरू नाई द्याचं," ती म्हणाली.

साहेबांनी लगेच कोट काढला. "नोको देऊ. तुहाच वकील हावो ना मी? चहा पे आंधी. तवरक लेकरू या बाईच्या मांडीवर ठेव."

तिनं विश्वासानं ठेवलं. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला. आईनं आपल्या हातानं मूल दिलं, याचा दत्तकासाठी लागणारा पुरावा तयार झाला.

मुलीनं कप खाली ठेवला, दोन्ही हात पुढे केले. "द्या बाई."

साहेब कोट घालत होते.