जीपची थरथर आणि माझे हात: नाशिक ते सटाणा

सटाण्याला मेव्हण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. एसटी होती, जावई न्यायला तयार होते, तरी मी जीपच काढायची ठरवली. कारण घरात वाद पेटलेला. आमची जुनी फोर बाय फोर जीप साठच्या वर गेली आणि चाकाखाली खड्डा किंवा पुलाचा जोड आला, की स्टिअरिंग असं हादरायचं की हातातून सुटतंय की काय वाटावं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमध्ये चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली, पुढचे दोन्ही टायर नवे टाकले. थरथर होती तिथेच. तेव्हा माझा मुलगा विजय म्हणाला, "बाबा, आता बदलायचे राहिले ते फक्त तुमचे हात."

हसत म्हणाला, पण मला लागलं. माझे हात थरथरतात हे खरं आहे, पण स्टिअरिंगवर नाही, असं मी धरून होतो. शेवटी ठरलं असं: या फेरीत दोष सापडला नाही, तर परत आल्यावर चावी विजयच्या हातात. आयुष्यभर गाडीच चालवली, शाळा सातवीत सुटली ती त्यासाठीच. त्यामुळे आदल्या दिवशी मी टायरची हवा दोनदा पाहिली, पाणी तीनदा.

सकाळी साडेसहाला निघालो. मी आणि बायको सुमन. सातच्या आत द्वारका ओलांडली तर पुढे त्रास नाही, नंतर निघालात तर अर्धा तास तिथेच जातो. आडगाव, ओझर, पिंपळगाव असा सरळ हायवे. मी पन्नासच्या वर जात नव्हतो. मागून येणारा प्रत्येक ट्रक हॉर्न मारून शिव्या घालत होता.

"अहो, बैलगाडी तरी बरी," सुमन म्हणाली.

पिंपळगावच्या पुढे एका कंटेनरला मागे टाकायला म्हणून सत्तरपर्यंत नेली, आणि नेमका पुलाचा जोड आला. ठक् झालं आणि सगळी जीप पिसाटली. बॉनेट डावी-उजवीकडे उडतंय, डबे खाली पडले, सुमनने समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. कोणाला असं झालं तर सांगतो: ब्रेक करकचून दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग धरून ठेवा, गाडी हळूहळू डावीकडे घ्या. तिशीपर्यंत आलं की आपोआप थांबतं. आमचंही थांबलं. माझे हात मात्र त्यानंतरही पाच मिनिटं थांबले नाहीत. सुमनने पाहिलं आणि वाकून पडलेले डबे गोळा करायला लागली. ते मला जास्त जड गेलं.

सोग्रस फाट्याला डावीकडे वळून भावडबारीच्या घाटाने देवळ्याला उतरलो. घाट छोटा आहे, रस्ता ठीक. देवळ्यात चहा घेतला आणि सटाणा गाठलं. रस्त्यात कांद्याचे ट्रॅक्टर रांगेने, त्यामुळे वेगाचा प्रश्नच नव्हता. वास्तुशांत छान झाली. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि शेवभाजी, अशी की नाकातून पाणी.

दुसऱ्या दिवशी मेव्हणे भास्करराव म्हणाले, "दाजी, तुम्ही शेजारी बसा. मी चालवतो, बघू."

मालेगाव रस्त्याला मोकळी जागा बघून त्यांनी वेग घेतला. पासष्टला एक डांबराचा उंचवटा आला आणि तेच. भास्कररावांची टोपी मागच्या सीटवर.

"अरे देवा! दाजी, हिच्यात भूत शे का काय!"

माझे हात मांडीवर होते. खोटं कशाला बोलू, गाडी हादरत होती आणि मला आनंद झाला.

तिथूनच ते मला ओळखीच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. नानाभाऊ नाव, वय पन्नाशीचं. त्यांनी जॅक लावलाच नाही. म्हणाले, चाकं उचलली की लपलेला दोष दिसत नाही, गाडीचं वजन चाकांवरच पाहिजे. इंजिन बंद. भास्कररावांना स्टिअरिंगवर बसवलं आणि वीतभर डावीकडे, वीतभर उजवीकडे असं फिरवत राहायला सांगितलं. मग गोणपाट अंथरून मलाही स्वतःबरोबर गाडीखाली झोपवलं.

"बाबा, दखा. पहिले काय हालस?"

पहिलं काय हलतंय ते शोधत मी एकेक सांधा पाहत गेलो. उजवा टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारा सांधा, थोडा ढिला होता. पण पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं टोक जिथे गाडीच्या सांगाड्याला, चेसीला अडकतं तिथे बघितलं, तर चाक वळायच्या आधी सगळा ॲक्सलच बोटभर बाजूला सरकत होता. बोल्टभोवतीचा रबरी बुश फुगून मऊ झालेला. नानाभाऊंनी बोट घातलं तर काळा चिकट लगदा बोटाला आला, भिजलेल्या खजुरासारखा. दुसऱ्या बाजूलाही तेच.

"आठे तेल कोनी लावं?"

इथे तेल लावणारा मीच. दर पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून इंजिनचं काढलेलं जळकं ऑइल डिझेलमध्ये मिसळून मी जीपच्या पोटाला फवारतो. आमच्याकडे सगळेच करतात. मला त्यानेही चैन पडेना, म्हणून दोन वर्षं पावसाळ्यानंतरही ब्रशने लावत होतो. जिथे करकर वाजे तिथे जरा जास्तच.

"लोखंडले चालस. रबरले तेल चालत नई, बाबा," नानाभाऊ म्हणाले. "तुमी भलती माया करी!"

भास्करराव वरून ओरडले, "आता थांबू का फिरवायचं? माझेच हात थरथरायला लागले!"

बुश आणि टायरॉड एंड गावातच मिळाले. नेहमीच्या सर्व्हिसिंगपेक्षाही कमी खर्च आला. दोन नव्या टायरांची उगाच घाई झाली होती.

तिसऱ्या दिवशी परत. पिंपळगावच्या अलीकडे तोच पूल, आता उलट्या दिशेने. मी सत्तर धरले, मग पंचाहत्तर. सुमनने दांडी पकडली. ठक् झालं. जीप सरळ गेली. स्टिअरिंग जागचं हललं नाही.

आणि स्टिअरिंग असं गप्प असल्यामुळेच मला त्याच्यावरची माझी बोटं दिसली. ती बारीक थरथरत होती. गाडी दुरुस्त व्हायच्या आधीही थरथरत असतील, पण तेव्हा गाडीच्या हादऱ्यात कोण बघतो.

सुमन म्हणाली, "बघितलं मी. चहाच्या कपावर रोजच बघते."

घरी विजय फाटकातच उभा. "काय निघालं बाबा, गाडी की हात?"

सगळ्या रस्त्यात मी 'गाडी' एवढंच सांगायचं ठरवलं होतं. जळक्या ऑइलची गोष्ट आधी सांगितली, तो पोट धरून हसला. मग म्हणालो, "गाडीचं काम झालं. हातांचं बाकी आहे. डॉक्टरांची वेळ घे." आणि चावी त्याच्यापुढे धरली. पोराचं हसू एकदम गेलं. त्याने चावी घेतली नाही. "डॉक्टर काय म्हणतात ते बघू," एवढंच म्हणाला आणि डबे उतरवायला लागला.

चावी सध्या खुंटीवर आहे. सोमवारी दवाखान्यात जायचंय, जीपनेच. विजय चालवणार, मी शेजारी.