केळीच्या शेतातला डबा आणि दोन हात हिरवा रंग

नाशिकहून नंदुरबारला जायचं तर शहाणी माणसं सकाळची एसटी पकडतात आणि धुळ्यावरून दुपारपर्यंत पोहोचतात. मी रेल्वेने गेले. आधी जळगाव, तिथे दोन तास बाकावर बसून राहणं, मग सुरतकडे जाणारी पॅसेंजर. नवरा म्हणाला, "जुना डबा बघायला चाललीयस ना? मग नव्या डब्यात एवढा वेळ कशाला घालवतेस?" मी पाण्याची बाटली भरायला निघून गेले.

जुन्या गाड्यांचं वेड मला वीस वर्षांपासून आहे. मी शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीत मोडीत निघालेले लाकडी डबे शोधत फिरते. माझी एक वही आहे. डबा कुठे भेटला, लाकूड कोणतं, बाकं कशी, आणि शेवटच्या रकान्यात त्याचा क्रमांक. क्रमांकावरून डब्याचं वय आणि घराणं कळतं. क्रमांक नसेल तर डबा म्हणजे नुसती सागवानी खोली.

गेल्या वर्षी ठिबक सिंचनाचं काम करणाऱ्या माझ्या भाच्याने एक फोटो पाठवला. तापीकाठचं केळीचं शेत, विटांच्या ओट्यावर टेकवलेला, चाकं नसलेला लाकडी डबा, आणि अंगावर पुसट पांढरा क्रमांक. पहिले दोन आकडे स्पष्ट होते. पुढचे शेवग्याच्या फांदीआड गेले होते. तो भाचा! दोन पावलं उजवीकडे सरकला असता तर माझा हा सगळा प्रवास वाचला असता. त्याच्याकडून शेतमालक जगनभाऊंचा नंबर घेतला, निघण्याआधी त्यांना रीतसर फोन केला आणि सुट्टी टाकली.

पॅसेंजरबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. वाफेच्या इंजिनांना पाणी पाजणारे जुने नळखांब कुठे उरलेत का, म्हणून मी अमळनेरपासून खिडकीला नाक लावून बसले होते. दिसल्या त्या विजेच्या तारा. समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, "ताई, काही पडनं का तुमनं बाहेर?"

नंदुरबारला उतरलं की वाळत घातलेल्या मिरचीच्या खकाण्याने पहिली शिंक येते, ती गाव सोडेपर्यंत थांबत नाही. रुमाल जवळ ठेवा. स्टेशनजवळ हजाराच्या आत खोली मिळते, पण मी गेले तेव्हा होळी चार दिवसांवर होती आणि काठी गावची आदिवासी होळी बघायला येणाऱ्यांनी बरंच काही भरलेलं होतं. लॉजवाल्याने वही पुढे करत विचारलं, "काठीची होळी ना, मॅडम?" चहावाल्याने तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर जायला रिक्षात बसले, तर रिक्षावालाही तेच.

"होळी दखाले उनात का? काठी अक्कलकुवाबाजूले शे. गाडी करी देऊ?"

"नाही हो. डबा बघायला आलेय. रेल्वेचा."

"रेल्वेना डबा ते आठेच स्टेशनवर शे ना!"

"तो नाही. जुना. प्रकाशा गावाच्या बाजूला एका शेतात आहे."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि रिक्षाचा वेग वाढवला.

शहाद्याकडे जाणाऱ्या एसटीने तासाभरात फाट्यावर उतरवलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. जगनभाऊंना उगाच कुणी नावं ठेवायला नकोत. जगनभाऊ मोटारसायकल घेऊन उभेच होते. पन्नाशीचे, गुजर पाटील, डोक्यावर टोपी, चेहरा लग्नघरासारखा. "चला ताई, आठ दिवसपासून तुमनीच वाट दखी ऱ्हायनूत!"

केळीच्या ओळी संपल्या आणि डबा दिसला. हिरवागार. चकाकणारा. खिडक्यांच्या झडपांना पिवळी किनार, दारावर गुलाबी कमळ आणि खाली 'सुस्वागतम'.

मी मोटारसायकलवरून उतरायचंच विसरले.

"दखा, कसा करी टाका!" जगनभाऊ म्हणाले. "पयले पॉलिशपेपरघाई घासा, मंग दोन हात मारात. पेंटर खास शहादाना शे."

"आणि आकडा? इथे पांढरा आकडा होता!"

"व्हता ना. घासता घासता निंघी गया."

मी चिडले. पाहुणी म्हणून गेले होते तरी चिडले. म्हटलं, अहो, शंभर वर्षांची वस्तू असेल ही, अशी घासतात का? मी फक्त त्या आकड्यासाठी इतक्या लांबून आले. जगनभाऊंचा चेहरा उतरला. मग त्यांना एकदम मार्ग सुचला.

"कोनता आकडा पायजे, सांगा. पेंटरले बलाई लेतस. तीन आकडा लिखूत का चार?"

हसावं की रडावं कळेना. मी डब्याला टेकले.

"ताई, टेकू नका, रंग वला शे!" त्यांच्या पत्नी सुमनताई ओरडल्या, पण तोवर माझ्या कुर्त्याची पाठ हिरवी झाली होती.

तरीही मी आत शिरले. पट्ट्यांच्या बाकांवर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी होती. झडपा अजून अलगद सरकत होत्या. जगनभाऊंच्या वडिलांनी तो लिलावात घेऊन बैलगाड्यांवरून आणला होता. दारावर, तुळईवर, बाकाखाली, सगळीकडे मी टॉर्च मारून शोधलं. आकडा कुठेच नाही.

जेवायला कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. मी भाकरी नुसती चिवडत होते. शेवटी जगनभाऊ हळूच म्हणाले, "ताई, तुम्हीच ते फोनवर सांगं ना. फोटो काढाना शेतस, जरा साफसूफ करी ठेवा."

सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत. शाळेत तपासणी असली की वर्गाला सांगते तसं, सवयीने, विचार न करता. माझ्या त्या एका वाक्यावर या माणसाने होळीच्या धांदलीत पेंटर आणला होता. मी माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, त्यामा काय!" आणि ताटात आणखी एक भाकरी पडली.

परतताना मी मुकाट्याने एसटी धरली.

आता तुमच्यासाठी सल्ला. असा डबा कुठे आहे असं कळलं तर आधी फोन करू नका. अचानक जा, धूळ असेल तशीच बघा, आणि भाचा फोटो काढत असेल तर त्याला दोन पावलं सरकवा.

कुर्त्याचा डाग रॉकेलने निघाला नाही. वहीत लाकडाच्या रकान्यात 'सागवान' लिहिलं, बाकांच्या रकान्यात 'पट्ट्यांची, शाबूत'. क्रमांकाच्या रकान्यात पहिले दोन आकडे आणि पुढे 'पुसला गेला' असं लिहिलं. थोड्या वेळाने ते खोडलं आणि लिहिलं, 'मी पुसायला लावला.'