ठोकली की थांबायचं!

स्टँडवरचे किस्से कुणी जमवत नाही, ते धुळीसारखे आपोआप बसतात. अहेरीच्या जीप स्टँडवरून मी वीस वर्षं गाडी चालवतो आणि दिवसभराचं वहीत लिहून ठेवतो, म्हणून माझ्यावर जरा जास्त बसलेत, एवढंच!

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातला एक जण दुचाकीवाल्याला धडक देऊन जंगलात पळाला. लोक मारतील, ही भीती! जखमी माणूस तासभर रस्त्यावर पडून होता. वाचला, पण थोडक्यात. दुसऱ्याच दिवशी मी स्टँडवर पाटी लावली: थांबा, जखमीला बघा, ॲम्ब्युलन्सला फोन करा, गाडी हलवण्याआधी फोटो काढा, ठाण्यात कळवा. पाटी लागली, पण जीव थाऱ्यावर येईना. एखाद्या गाडीला उशीर झाला की मी स्टँडवर येरझारा घालतो. पुन्हा कुणी पळाला तर?

*

पाटी सगळ्यात आधी पाळली विठ्ठलभाऊंनी. त्यांची जीप बैलबंडीला घासली. लागलं कुणालाच नाही, पण भाऊंनी चौदा फोटो काढले. बंडी, बैल, बैलांची शिंगं, समोरचं झाड.

हवालदारांनी सगळे बघितले. "अन् यात तुमची जीप कुठी आहे?"

"साहेब, जीपमंदी बसूनच त फोटो काढून राह्यलो होतो!"

*

नामदेव आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात घाबरट. त्याच्या गाडीवर रानडुक्कर आदळलं. इन्शुरन्सचा माणूस तपासायला येईपर्यंत नामदेवने गाडी धुतली, लिंबू-मिरची बांधली आणि बंपरवर दणकून नारळ फोडला.

तो माणूस बराच वेळ बंपरवर हात फिरवत राहिला. "यातला डुकराचा डेंट कोणता अन् नारळाचा कोणता?"

नामदेवने प्रामाणिकपणे दाखवलं. नारळाचा मोठा निघाला!

*

एटापल्लीकडे एका ठिकाणी विठ्ठलभाऊंची जीप नालीत गेली. तिथे रेंज नाही. भाऊ दोन किलोमीटर चालत रेंज मिळते त्या मोहाच्या झाडाखाली गेले, ठाण्याला फोन केला आणि जीपकडे परतले. पोलीस मोहाखाली, भाऊ जीपजवळ, दोघंही वाट बघतायत! इकडे स्टँडवर माझ्या येरझारा.

शेवटी पोलिसांनीच जीप शोधली आणि भाऊंवर तापले. भाऊ शांत. "तुमी पुसलं, कुठून बोलता? मी मोह सांगतला. गाडी कुठी आहे, हे कोणी पुसलंच नाई!"

जबाब लिहिताना प्रश्न आला, "स्पीड किती होता?"

"साहेब, या रस्त्यावर चाळीसच्या वर नेऊन दाखवा, न केलेला गुन्हाबी कबूल करतो!"

*

मग एका बाजाराच्या दिवशी नामदेवचा फोन आला. नुसते हुंदके. 'दवाखाना' एवढाच शब्द कळला आणि मी गाडी काढली.

वळणावर त्याने एका म्हाताऱ्याच्या सायकलला धडक दिली होती. लालसूभाऊ, नामदेवच्या फेरीतल्या शेवटच्या गावचे. पाय मोडला. जीपमधले लोक ओरडले, "पळ रे नामदेव!" आणि नामदेव पळालाही. वीसेक पावलं. मग परत फिरला. ॲम्ब्युलन्सला फोन लागेना. फोटो काढला, दुपट्ट्याने पायाला काठ्या बांधल्या, लोकांच्या मदतीने लालसूभाऊंना जीपमध्ये आडवं केलं आणि दवाखाना गाठला. तिथून स्वतःच ठाण्याला फोन केला.

मी पोचलो तेव्हा हवालदार खाटेशी जबाब लिहीत होते. नामदेव हात जोडून उभा.

"लिहा साहेब," लालसूभाऊ म्हणाले, "जीप उभी होती. मीच सायकल नेऊन ठोकली."

"नाई साहेब," नामदेव म्हणाला, "मी वळणावर हॉर्न नाई वाजवला. चूक माही आहे."

"तू चूप बस ना बे!" लालसूभाऊ खेकसले.

हवालदारांचा पेन थांबला. "भाऊ, पाय तुमचा मोडला, अन् याले वाचवून काऊन राह्यले?"

"आमच्या गावाले एकच जीप येते, साहेब. याले आत टाकलं, त मले घरी कोण नेईन?"