मच्छिंद्र गाडळकरची चौलवर स्वारी

मच्छिंद्र गाडळकरच्या आणि माझ्या पहिल्या भेटीला सुरुवात झाली तेव्हा मी तरुण होतो. भेट संपली तेव्हा मला चष्मा लागला होता. नगरच्या माळीवाड्यात त्याचं भाड्याच्या सायकलींचं दुकान. कॉलेजात इतिहास शिकवायला मी नुकताच गावात आलेला, बिऱ्हाड सावेडीला. सावेडी तेव्हा म्हणजे चार बंगले आणि चाळीस वावरं. मला अर्ध्या तासापुरती सायकल हवी होती. मच्छिंद्रनं वही उघडली आणि नाव, गाव, आजोळ, आजोबांचा धंदा, सासुरवाडी, झालेले आजार असं सगळं उतरवून घेतलं. सासऱ्यांनीसुद्धा मला इतकं विचारलं नव्हतं, आणि त्यांना तर मुलगी कायमची द्यायची होती. शेवटी त्यानं माझं मनगटी घड्याळ अनामत म्हणून खिशात टाकलं.

"अर्ध्या तासात आना. मिन्टंभर उशीर चालायचा न्हाई."

घड्याळ त्याच्याकडे, मग मला अर्धा तास झाला हे कळणार कसं, असं विचारायची माझी छाती झाली नाही. मी दहा मिनिटांत परत आलो.

त्याच्याकडे चौदा सायकली होत्या आणि बावीस वर्षांत एकही हरवलेली नव्हती. एकदा एक गिऱ्हाईक सायकल घेऊन राजूरच्या बाजारात गेलं ते तिकडंच राहिलं. मच्छिंद्र एस.टी.नं नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगरात गेला, गिऱ्हाईक नाही पण सायकल शोधली, आणि दोन दिवस पायडल मारत नगरला आला. गेलेली वस्तू परत आली पाहिजे, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. देवळात गेला तरी देवापेक्षा बाहेरच्या चपलांकडे त्याचं जास्त लक्ष असे.

अशा माणसाला इतिहास सांगू नये. मी सांगितला. सत्तर सालच्या दिवाळीत तो माझ्या सायकलचं पंक्चर काढत होता. वेळ जावा म्हणून मी म्हणालो, "बरोबर चारशे वर्षांमागं आपल्या नगरच्या निजामशहानं पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला होता. सातेक महिने तोफा डागल्या. शहर काही पडलं नाही. तह झाला आणि फौज परत आली."

मच्छिंद्रचा हात थांबला. "आन् गोळं?"

"कसले गोळे?"

"तोफंचं. फौज आली, गोळं आनलं का?"

"डागलेले गोळे कोण परत आणतं?"

"म्हंजी आपल्या गावची वस्तू चारशे वर्सं भायेर हाय," मच्छिंद्र म्हणाला, "आन् कुनी साधं आनायला गेलं न्हाई!"

त्या दिवशी पंक्चर तसंच राहिलं. पुढं दोन महिने तो नीट जेवला नाही, असं त्याची बायको मालनबाई सांगे. एक गोळा तरी परत आणायचाच. नाही आणला तर दुकानाच्या पाटीवर 'विश्वासाचे एकमेव ठिकाण' असं लिहिलंय ते पुसून टाकीन, असं त्यानं मला बजावलं.

जानेवारीत त्यानं आयुष्यात प्रथमच काहीतरी भाड्यानं घेतलं : आप्पासाहेबांची अँबेसिडर. ही गाडी लग्नांना आणि निवडणुकांना जायची. आप्पासाहेब ती दुसऱ्याच्या हाती देत नसत, स्वतःच चालवत. त्यांनी मच्छिंद्रला नाव-गावापासून सगळं विचारलं. उत्तरं देताना तो खुलत गेला. मग वही काढून तो गाडीभोवती फिरला. "डाव्या दाराला वरखडा. मागल्या दिव्याला तडा. मडगार्डाला पोचा, दोन इंच. करा सही. मागाहून माझ्या नावावर घालाल."

"आरं, मी काय चोर हाय का?" आप्पासाहेब कडाडले.

"आपन भाड्यानं देनारी मान्सं," मच्छिंद्र शांतपणे म्हणाला. "आपला कुनावर भरवसा नसतोच."

पुढं आप्पासाहेब आणि मच्छिंद्र, मागं मालनबाई, मी आणि भाकरीचं गाठोडं. खंडाळ्याच्या घाटात गाडी तापली, तेव्हा मालनबाईंनी घरची पाण्याची कळशी तिच्या पोटात रिकामी केली आणि बॉनेटवर हात फिरवून म्हणाल्या, "दमली गं बाई." पुढं अलिबागच्या अलीकडं आप्पासाहेबांना दोनदा रस्ता चुकवून आम्ही सगळ्यांनी मदत केली. समुद्र दिसला तशा मालनबाई खिडकीतून निम्म्या बाहेर आल्या.

"अगं बया! येवढं पानी! आन् कुनी वावराला न्हेत न्हाई?"

"खारं असतं, वहिनी."

"कुनी क्येलं खारं?" नगरकडच्या बाईला हा खोडसाळपणाच वाटला.

पोर्तुगीजांचं ते चौल म्हणजे आजचं रेवदंडा. जुन्या तटातूनच रस्ता गावात शिरतो. तटापाशी मच्छिंद्रनं गाडी थांबवली. "आपली मान्सं सात म्हैनं हितं उभी हुती. आपन दोन मिन्टं तरी थांबू." दोन मिनिटं झाली. "घ्या आत!" तो ओरडला. आप्पासाहेबांनी भोंगा वाजवला. एक शेळी बाजूला झाली, आणि निजामशाही फौजेला जे जमलं नाही ते अँबेसिडरनं दुसऱ्या गिअरमध्ये केलं.

आत शहर कसलं, नारळी-पोफळीच्या वाड्या. झाडांमधून अचानक एखादी बिनछपराची चर्चची भिंत निघे, तिच्यावर कुणाची तरी गोधडी वाळत असे. एक उंच काळा मनोरा वेलींनी बांधल्यासारखा उभा होता. गल्ल्या इतक्या अरुंद की आप्पासाहेब गाडी पुढं घेईनात. मग मच्छिंद्र दोन्ही हात पसरून गाडीपुढं उलटा चालू लागला, लग्नाच्या वरातीत घोडा आणावा तसा. मनोऱ्यापाशी दोन-तीन गोळे गंजत पडले होते.

"उचला की!" आप्पासाहेब म्हणाले.

"सरकारी असत्याल. मालकाला इचारल्याबिगर न्हाई."

शेवटी भीमाबाई नावाच्या म्हातारीच्या वाडीत सोय झाली. नारळाचं आळं खणताना तिच्या सासऱ्याला एक लोखंडी गोळा सापडला होता. समुद्राच्या वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तो दाराला लावलेला असे. शहाळ्याएवढा गोळा, मच्छिंद्रनं उचलला आणि त्याची पाठ मोडता मोडता राहिली.

"तुमचाच कशावरून?" भीमाबाईनं विचारलं. "पोर्तुगीजांचाही असेल."

"त्यांचं गोळं भायेर गेलं आसत्याल, मावशी. आत पडलेला आमचा."

भीमाबाईला हे पटलं. मी आजवर वाचलेल्या ग्रंथांत इतका सरळ पुरावा नव्हता.

"पण मी दाराला काय लावू?" ती म्हणाली. "कायमचा नाही देणार. आठ दिवसांसाठी न्या. नाव काय तुमचं? गाव? इथं ओळखतं कोण तुम्हाला?"

नगरपासून इतक्या दूर मच्छिंद्रला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मलाही कुणी ओळखत नव्हतं. गोळा त्याच्या हातातून हळूहळू खाली चालला.

"मी वळखते ह्यांना," मालनबाई पुढं झाल्या. "पंचवीस वर्सं."

"बरा माणूस आहे का?"

मालनबाई मच्छिंद्रभोवती एकदा फिरल्या, तो गाडीभोवती फिरला होता तशा.

"रागीट हाय. भाजीला नावं ठिवतो. बायकूला आजवर येकदा फिरवली, ती बी आज, गोळ्यासाठी." मग त्या म्हणाल्या, "पन वस्तू येळंवर आनून देतो. तेवढं हाय."

"तेवढं पुष्कळ झालं," भीमाबाई म्हणाली. "अनामत?"

मच्छिंद्रनं क्षणाचाही विलंब न लावता माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातावर ठेवलं.

गोळा मालनबाईंच्या मांडीवर बसून नगरला आला. दुकानात सायकलच्या सीटवर मांडला. बघायला गर्दी लोटली. कुणी त्याला हळदकुंकू वाहिलं, एक जण नारळ फोडायला निघाला होता, त्याला मच्छिंद्रनं गोळ्याला ओरखडा पडेल म्हणून हाकललं. ते सगळे दिवस त्यानं सायकली देताना कुणाला आजोळसुद्धा विचारलं नाही.

"आता ठिवून घे," सातव्या दिवशी आप्पासाहेब म्हणाले. "ती म्हातारी काय नगरला येती व्हय?"

मच्छिंद्रनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते चहा अर्धा टाकून उठले.

त्याच दिवशी संध्याकाळच्या एस.टी.नं तो गोळा पिशवीत घालून निघाला आणि आठव्या दिवशी दुपारी रेवदंड्याला पोचला. माझं घड्याळ त्यानं आणून दिलं. दुकानाची पाटी काही पुसली नाही. गोळा तिकडंच आहे, दाराला लावलेला.