नाकातलं झिंक आणि विहिणीचं येसर

आता कुठून सांगायला घेऊ? नाकापासूनच घेते, सगळा घोटाळा तिथंच झाला!

लेकीच्या लग्नात मी विहीणबाईंपुढं छाती ठोकून बोलले होते, "आमटीच्या मसाल्याचं येसर भाजताना मला डोळे लागत न्हाईत. नाकच सांगतं, आता उतरव." झालं! गंगाखेडहून विहीणबाईंचा फोन आला, "मग पाठवा की डबाभर!" आणि नेमकी मला सर्दी. नाक चोंदून दगड!

भाचा गण्या बाहेरदेशी असतो, तो सुट्टीला आला होता. त्यानं बॅगेतून एक नळी काढली. "मावशे, झिंक हाय. नाकात लावायचं."

"मेल्या, झिंक आमी उसाला टाकतोय!"

"अगं, सर्दीचा विषाणू नाकात आत चिकटून बसतो. झिंक त्याच्या आधी जाऊन बसतं म्हणे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं!"

एसटीचं म्हटल्यावर पटलंच. पण मी काय एका रुमालावर थांबणारी बाई? अख्खी बस धरली! दोन्ही नाकपुड्या गच्च भरल्या. आई गं! ठेचा कोंबल्यागत आग. म्हटलं, लागू पडायलंय!

सर्दी गेली. कढई ठेवली. गहू, डाळ, धने, खोबरं भाजायलेय आणि नाक कधी सांगतंय याची वाट बघायलेय.

सून दारातून म्हणाली, "आत्याबाई, धूर..."

"तू शिकवतीस मला?"

गेली बिचारी खिडक्या उघडायला. डबा गंगाखेडला रवाना.

संध्याकाळी उदबत्ती लावली, वास न्हाई. म्हशीच्या गोठ्यात गेले, तिथंही न्हाई! मग मात्र तडक डॉक्टर गाठला. येसराचा वास पुन्हा कधीच येणार न्हाई का हो?

डॉक्टरला एसटीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, रुमाल टाकायच्या नादात शीटच जाळली की! वास सर्दीनंही जातो, पण झिंकनं वासाच्या नसाच जळू शकतात. पुन्हा नाकात घालू नका. येईल कदाचित, धीर धरा."

धरला. पुढं काही दिवसांनी विहीणबाईंनी जेवायला बोलावलं. ताटात येसराची आमटी. भाकरी बुडवली, घास तोंडाशी नेला आणि... आला की वास! जळका! निव्वळ कोळसा! माझ्याच हातचा!

डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाक परत आलं होतं हो माझं!

"काय झालं, विहीणबाई? तिखट लागली?"

"न्हाई वो. लय दिवसांनी असा वास आला!"

"मग घ्या की पोटभर. आमच्यात कुणी तोंडच लावंना. सगळा डबा तुमच्यासाठीच राखून ठेवलाय!"

परतीच्या एसटीत तो डबा माझ्या मांडीवर होता. गाडी खचाखच भरलेली. पण माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत कुणी धरली न्हाई!