वाडग्यावरची तुळस

आमच्या घरी मेथी विकली गेली नाही तरच मेथीची भाजी व्हायची. बाबा पहाटे बार्शीटाकळीहून टोपली घेऊन अकोल्याच्या बाजारात जायचे. टोपली रिकामी परत आली की घर खूश, पण ताटात मात्र भाकर आणि ठेचा. तेवढ्यातही मायचा एक नेम होता. जे शिजलं असेल ते आधी देवापुढं, वर तुळशीचं पान ठेवून. मग तो नैवेद्य थोडा थोडा सगळ्यांच्या ताटात. देवापुढचं अन्न टाकायचं नसतं, म्हणून आमच्यात ताटात काही सोडून कुणी उठलंच नाही कधी.

त्या घरातली मी पहिली पदवीधर. कमीपणा घेऊन बोलायची मला सवय नाही. मेहनतीनं शिकले, अमरावतीत नोकरी मिळवली, दोन खोल्यांचं घर केलं. माय ते घर बघायला राहिली नाही. ती गेली तेव्हा मी बाबांना इकडं आणलं, आणि इकडं आल्यावर बाबांनी ताटात टाकायला सुरुवात केली.

आधी अर्धी भाकर. मग भाजीसुद्धा. मग एक घास खाऊन, "झालं व पोरी माह्यं."

मी भरीत केलं, कढी केली, गावाकडून तूर आणून पातळ आळण केलं. बाबा घास तोंडात घेऊन थांबत. ते कशाशी ताडून बघताहेत ते मला कळायचं. मायच्या हातची चव माझ्या हाताला कुठून येणार? डॉक्टर म्हणाले, पोटात काही दोष नाही, पण असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. बाबांच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरायला लागली होती. नळीचं मी त्यांना सांगितलं नाही. रात्री झोप मात्र लागेना.

शेवटी वाटलं, मायनं जे कधी रांधलंच नाही ते खायला घालावं. अमरावतीत नवीनच व्हिएतनामी हॉटेल सुरू झालं होतं. तांदळाच्या मऊ शेवया, पातळ रस्सा; बाबांचे दात गेलेले, ते खाऊ शकतील. आदल्या दिवशी स्वतः जाऊन शाकाहारी वेगळं शिजवतात का, रश्शात माशाचं पाणी घालतात का, सगळं विचारून आले.

हॉटेलात बाबा टोपी नीट करत खुर्चीच्या टोकावर बसले. समोरच्या जेवायच्या काड्या उचलून म्हणाले, "हे काहून देल्लं? सूत कातायचं हाय का?"

"चमचा आहे बाबा."

"मले भूक नाई. तू जेव."

"दोन घास तरी."

"तू माह्या मांगंच लागून राहिली."

वाढणारा माणूस अकोटकडचा निघाला, पन्नाशीचा. त्यानं वाफाळता मोठा वाडगा आणून ठेवला. शेवया, मशरूम, गाजर आणि मधोमध हिरवी पानं. बाबा वाकून बघत राहिले.

"याच्यावर तुळस कोणं ठेवली?"

"तुळस नोय काका, बेसिल हाय. तुळशीची भयीण समजा."

बाबांनी एक पान उचलून हुंगलं. "हिले बडीशोपेचा वास येते."

"म्हून तं म्हणतो, आपली तुळस नोय थे."

"मंजिरी येते का हिले?"

"येत असन."

"मंग कशाची भयीण! तुळसच हाय." माझ्याकडं वळून म्हणाले, "देवाले दाखवूनच आणलं दिसते."

मी तोंड उघडलं होतं. वाढणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं आणि चमचा बाबांपुढं सरकवला.

बाबांनी टोपी काढली. ग्लासातलं पाणी हातावर घेऊन वाडग्याभोवती फिरवलं, टेबलावर ओघळ आला. शेजारची पोरं-पोरी वळून बघायला लागली, बघू देत. बाबांनी हात जोडले, पान न चावता गिळलं आणि चमचा उचलला. शेवया निसटायच्या, हनुवटीला लागायच्या. दोनदा थांबले. त्यांना जात नव्हतं, दिसत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"राहू द्या बाबा, बास."

"टाकता येत नाई व," ते वैतागून म्हणाले. "तुह्या मायनं शिकवलं नाई का तुले?"

शिकवलं होतं. पण ती गेल्यावर आमच्या घरात एकदाही नैवेद्य झाला नव्हता. मी रोज भाजीत किती तेल, किती मीठ हेच बघत बसले होते. ताटातलं अन्न नुसतं अन्न होतं, ते टाकायला बाबांना अडचण नव्हती.

रस्सा उरला तो बाबांनी वाडगा तोंडाला लावून संपवला.

"कसं लागलं काका?" वाढणाऱ्यानं विचारलं.

"बेचव हाय," बाबा म्हणाले.

घरी जाताना रोपवाटिकेतून तुळस घेतली. देवाचं मला फारसं कळत नाही. तरी भाकर झाली की वर पान ठेवते, दिव्यापुढं दाखवते आणि ताट बाबांपुढं सरकवते. माझ्या भाजीला ते अजून नावं ठेवतात. मायचं नाव काढत नाहीत.

नळी घालावी लागली नाही. बाबा दोन्ही वेळ जेवतात आणि ताटात काही टाकत नाहीत.