घळीतलं हिरवं गवत

वाळवंटाच्या कडेला, अरवलीच्या उघड्याबोडक्या डोंगरात मी ज्या घरी उतरले होते, ते रमकूचं. रोज सकाळी मी तिच्याबरोबर गवत कापायला जायचे. खाली घळीत झऱ्याकाठी गुडघाभर हिरवं गवत होतं, पण सांबरं तिथे फिरकत नसत. ती वर, तापलेल्या उतारावर वाळकं, खुरटं गवत खात. दोन घास झाले की मान वर. रमकूही तिथेच विळा चालवायची.

“खाली एवढं गवत असताना?” मी विचारलं.

“घळीत बिबट्या दबा धरून बसतो, दीदी. सांबरं चरतात तिथेच आम्ही कापतो.”

मला माझी लेक आठवली. जवळची गल्ली सोडून ती मोठ्या रस्त्याने वळसा घालून क्लासला जाते. उशीर होतो म्हणून मी तिला ओरडले होते. कारण विचारलं नव्हतं.

आज उतारावर एकही सांबर नव्हतं. रमकूने क्षणभर पाहिलं, विळा कमरेला खोचला आणि घराकडे मागे फिरली. मी तिच्या पाठोपाठ जवळजवळ धावतच उतरले.

घराजवळ रेंज आली. लेकीचा मेसेज होता : “आई, आता मोठा रस्ताही नको. मी आजपासून क्लासला जाणार नाही.”